सोयाबीनला युरिया टाकण्याआधी एक पट्टा कोरा ठेवा

पेरणीला महिना-सव्वा महिना होतो, डवरणी आटोपते, पीक फुलावर येऊ लागते, आणि विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी एकच प्रश्न निघतो: सोयाबीनला एकरी एक गोणी युरिया टाकू का? शेजाऱ्याने टाकलेला असतो, त्याचे शेत हिरवेगार दिसते, आपले जरा फिके वाटते. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्यामुळे फार विचार न करता ती घरी येते. त्याच दिवसांत विहिरीला पाणी चढलेले असते, पण स्प्रिंकलरचे पाईप गोठ्यामागे रचलेले असतात, कारण ते हरभऱ्यालाच काढायचे असे ठरून गेलेले असते. बहुतेक शेतांत हा क्रम उलटा हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसा आणि मेहनत आधी शेंगा भरतानाच्या पाण्यावर जावी. युरिया द्यायचाच असेल तर आपल्याच शेतात त्याची परीक्षा घ्यावी. ती कशी घ्यायची हे या लेखात सांगतो, पण त्याआधी सोयाबीन नत्र कुठून मिळवते ते पाहू.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिने बनतात नत्रापासून. त्यामुळे या पिकाची नत्राची भूक ज्वारी-गव्हाहून कितीतरी मोठी असते. एक क्विंटल दाणा पिकवायला झाडाला पाने-खोडासकट सुमारे ८ किलो नत्र लागते. एकरी १० क्विंटल हवे असतील तर ८० किलो. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यासाठीची शिफारस मात्र हेक्टरी ३० किलो नत्राची, म्हणजे एकरी १२ किलोची आहे. ती कंजुषीने केलेली नाही. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतले नत्र धरून झाडाला देतात, आणि जगभरच्या प्रयोगांचा एकत्र विचार केला तर पिकाचे साधारण निम्मे ते साठ टक्के नत्र या वाटेने येते. दहा क्विंटलच्या पिकात ते ४० ते ४८ किलो झाले. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत नत्र असते २०.७ किलो. म्हणजे चांगल्या गाठींचे पीक एकरी दोन गोण्यांहून जास्त नत्र फुकट मिळवते, तेही मुळाच्या आत, वाहून जायला वाव न ठेवता.

अडचण अशी की मातीत आयते नत्र मिळू लागले की झाड गाठी कमी धरते आणि असलेल्या गाठींचे काम मंदावते. गोणीतून २० किलो आत गेले म्हणून पिकाला २० किलो जास्त मिळाले असे होत नाही. काही भाग पावसाने निचरून जातो, काही हवेत उडतो, आणि जो झाडाला मिळतो तो गाठींकडून मिळणाऱ्या नत्राची जागा घेतो. रंग गडद होतो, पाला वाढतो, शेंगा तेवढ्याच राहतात. भारी जमिनीत जोमाने वाढलेले पीक लोळते, दाट पाल्याखाली हवा खेळत नाही, पाने खाणाऱ्या अळ्या आणि करपा वाढायला सोय होते. म्हणून शेजारच्या शेताच्या रंगावरून युरियाचा निकाल लावू नये. निकाल फक्त काट्यावर लागतो.

आधी गाठी बघा

पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी शेताच्या चार-पाच ठिकाणी दोन-दोन झाडे कुदळीने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. बादलीत मुळे हळुवार धुवा, गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाल्या तर त्या काम करत आहेत. पांढऱ्या असतील तर अजून कोवळ्या आहेत किंवा निकामी आहेत, हिरवट-तपकिरी असतील तर त्यांचे काम संपलेले आहे. मुख्य मुळाभोवती गुलाबी गाठींचे झुबके दिसत असतील तर युरियाचा विषय तूर्त बाजूला ठेवायला हरकत नाही.

गाठीच नसतील तर प्रश्न वेगळा. त्या शेतात पहिल्यांदाच सोयाबीन घेतले असेल आणि बियाण्याला जिवाणू लावले नसतील, किंवा आठ-दहा दिवस पाणी साचून मुळे गुदमरली असतील, तर त्या वर्षापुरता थोडा युरिया देणे शहाणपणाचे आहे. पुढच्या वर्षी मात्र बीजप्रक्रियेचा क्रम चुकवू नका: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि पेरणीच्या थोडे आधी रायझोबियम. भुकटी असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. बियाणे सावलीत सुकवायचे, उन्हात नाही.

पिवळेपणाही नीट ओळखा, कारण युरियाच्या किती तरी गोण्या चुकीच्या पिवळेपणावर जातात. नत्र कमी पडले की आधी खालची, जुनी पाने पिवळी पडतात. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत, विशेषतः पावसाच्या झडीनंतर, ती हमखास दिसते. तिला युरियाने काहीही फरक पडत नाही, फेरस सल्फेटची अर्धा टक्का फवारणी करावी लागते. अधूनमधून एखाद-दुसरे झाड चट्ट्याचट्ट्यांनी पिवळेजर्द दिसत असेल तर तो पिवळा मोझॅक आहे. ती झाडे उपटून टाका आणि पांढऱ्या माशीकडे बघा.

पेरणीच्या वेळी द्यायचे खत मात्र चुकवू नये. हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक हे प्रमाण धरले तर एकरी तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेटमधून २४ किलो स्फुरद मिळते आणि गंधक गरजेपेक्षा जास्तच, सोळा किलोंच्या वर. नत्रासाठी जोडीला २६ किलो युरिया, आणि पालाशासाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. डीएपी वापरणारे गंधक विसरतात, आणि तेलबियांच्या पिकाला ते विसरून चालत नाही.

युरियाने कुठे फायदा झाला

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १९९०च्या दशकात बागायती सोयाबीनवर प्रयोग झाले. शेंगा धरू लागताना एकरी ९ ते १८ किलो नत्र दिले, आणि आठपैकी सहा ठिकाणी उत्पादन वाढले, सरासरी सुमारे बारा टक्के. हे वाचून कोणालाही गोणी आणावीशी वाटेल. पण जिथे फायदा झाला ती शेते एकरी १५ क्विंटलांच्या आसपास आणि त्यापुढे पिकणारी होती आणि पाण्याची ददात नव्हती. तसेच प्रयोग पुढे आयोवात झाले तेव्हा तिथे फायदा दिसला नाही. यातून एवढे नक्की घ्यावे की गाठींची ताकद जिथे पुरी पडेनाशी होते तिथे, म्हणजे फार मोठ्या आणि भरपूर पाण्याच्या पिकात, बाहेरच्या नत्राला काम मिळते. आपल्या राज्याची सरासरी बऱ्या पावसाच्या वर्षीही एकरी पाच-सहा क्विंटलांच्या आसपास राहते. तिथे पीक नत्रावर अडलेले नसते. ते अडते पावसाच्या खंडावर, साचलेल्या पाण्यावर, विरळ उगवणीवर आणि खोडमाशी-चक्रीभुंग्यावर. फुले संगमसारखे वाण, रुंद वरंबा-सरीवर टोकण आणि हाताशी पाणी असलेले शेतकरी बारा-पंधरा क्विंटल काढतात. त्यांनी युरियाची परीक्षा जरूर घ्यावी, त्यांच्याकडे निकाल वेगळा लागू शकतो.

पाण्याचा हिशेब

पावसाचा खंड ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात पडला की नुकसान सर्वांत जास्त होते. जूनअखेर पेरलेले पंचाण्णव-शंभर दिवसांचे पीक तेव्हा दाणे भरत असते. फुले गळली तर झाड पुन्हा काही फुले धरते, पण दाणा भरण्याची वेळ गेली की परत येत नाही. शिवाय कोरड पडली की गाठींचे काम झाड सुकलेले दिसण्याच्याही आधी मंदावते. म्हणजे त्या दिवसांत दिलेले पाणी हे नत्रही देते.

पैशात मांडून बघू. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅमवरून १० ग्रॅमवर आले, शेंगा-दाणे तेवढेच राहिले, तर उत्पादन सहाव्या हिश्शाने घटते. आठ क्विंटलांचे पीक साडेसहा-पावणेसात क्विंटलांवर येते. साडेचार हजारांच्या दराने ते एकरी सहा हजार रुपयांच्या आसपास झाले. पाईप हलवण्याची मजुरी, वीज किंवा डिझेल आणि संचाची झीज धरून एका पाळीला १,८०० रुपये लागले असे समजा, तर ४० किलो सोयाबीन जास्त आले की खर्च निघाला. आपला खर्च आणि आपला दर घालून हाच हिशेब पुन्हा करा. दर घ्यायचा तो आडतीच्या हिशेबपट्टीवरचा. २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे, पण हिशेब हातात पडलेल्या दराचाच करावा.

पाणी किती आणि कधी द्यायचे? संरक्षित पाण्याच्या एका पाळीला ४० मिलिमीटर पुरेसे धरा. एकराला ते सुमारे १ लाख ६२ हजार लिटर होते. तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल शेततळ्यात साधारण २० लाख लिटर मावते. झिरपणे आणि बाष्प होऊन उडणे धरून त्यातले निम्मेच हाती लागले तरी सहा एकरांना एक पाळी मिळते. स्प्रिंकलर १२ बाय १२ मीटरवर लावला असेल आणि एक नोझल तासाला १,८०० लिटर फेकत असेल तर तासाला साडेबारा मिलिमीटर पाणी पडते, म्हणजे सव्वातीन तासांत पाळी पूर्ण. आपला पंप तेवढा दाब देतो का हे मात्र मोजूनच कळते. चार नोझलांच्या मधल्या चौकोनात उभ्या बाजूंचे पाच-सहा रिकामे डबे ठेवा, तासाभराने पट्टीने पाण्याची उंची बघा. डब्याडब्यांत मोठा फरक आला तर दाब कमी आहे किंवा वारा जास्त आहे. अशा वेळी रात्री किंवा पहाटे चालवा.

वेळ ठरवायला वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा बनून टिकला तर दोन-तीन दिवस थांबता येईल, फुटला तर पाणी सुरू करा. काळ्या जमिनीत भेगा रुंदावेपर्यंत वाट बघू नका, मग पाणी भेगांतून मुळांच्या खाली निघून जाते. आणि आभाळ भरून आलेले असेल तर एक दिवस थांबणे केव्हाही बरे, कारण पाळीनंतर लगेच मोठा पाऊस झाला तर भारी जमिनीत पाणी साचून गाठींनाच मार बसतो.

परीक्षा कशी घ्यायची

आता युरियाचे गणित बघा, कारण फसगत इथेच होते. गोणी, वाहतूक आणि फेकणावळ मिळून एकरी ५०० रुपये धरले तर साडेचार हजारांच्या दराने फक्त ११ किलो सोयाबीन जास्त आले की खर्च वसूल. सात क्विंटलांत अकरा किलो म्हणजे दीड टक्का. हा फरक डोळ्याने दिसत नाही, आणि शेताच्या एका बाजूला टाकून दुसरी बाजू सोडल्यानेही कळत नाही, कारण एकाच शेतात मातीमुळे याच्या कितीतरी पट फरक असतो. बांधाकडची पट्टी, जुन्या उकिरड्याची जागा, पाणथळ कोपरा यांचा हिशेब कुठे मांडायचा?

त्यासाठी एकाआड एक पट्टे हवेत, आणि तेही अनेक वेळा. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी हीच पद्धत शास्त्राच्या पायावर उभी केली: पुनरावृत्ती करा आणि कोणत्या पट्ट्याला काय मिळणार ते चिठ्ठीवर सोडा. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीक कापणी प्रयोगांना अशीच शास्त्रशुद्ध बैठक दिली. फार लहान तुकडा कापला तर उत्पादन फुगून येते, हे त्यांनी दाखवले, कारण कडेची झाडे नकळत आत घेतली जातात. म्हणून एक चौरस मीटर कापून एकराचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जमीन जिकडे बदलते, म्हणजे उतार किंवा हलकी-भारी, त्याच दिशेने पट्टे लांब धरा, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात दोन्ही प्रकारची माती येईल. ४५ सेंटिमीटरवर सहा ओळींचे पेरणी यंत्र असेल तर एक फेर २.७ मीटरचा होतो. शंभर मीटर लांबीला तो २७० चौरस मीटर झाला, एकराचा बरोबर पंधरावा भाग. निदान सहा पट्टे घ्या, तीन युरियाचे, तीन कोरे. दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीत युरिया कुणाला हे चिठ्ठी टाकून ठरवा. हाताने चांगला वाटणारा पट्टा निवडला की परीक्षा तिथेच बिघडली. वाण, पेरणीची तारीख, फवारणी, तणनाशक सगळे सारखे ठेवा. बांबू रोवून खुणा करा, कारण काढणीपर्यंत पट्टे आठवत नाहीत.

पाण्याचा निकालही हवा असेल तर स्प्रिंकलर शेताच्या अर्ध्या लांबीलाच चालवा. युरियाचे पट्टे उभे आणि पाण्याची हद्द आडवी अशी मांडणी झाली की चारही मेळ एकाच शेतात मिळतात: काहीच नाही, फक्त युरिया, फक्त पाणी, दोन्ही. हद्दीच्या दोन्ही बाजूंचे दहा-बारा मीटर मात्र तुषार उडतात म्हणून मोजणीत धरू नका. अर्धाच भाग तहानलेला ठेवायचा जीव होत नसेल तर पाण्याशिवायचा पट्टा लहान ठेवा, पण ठेवा.

काढणीला प्रत्येक पट्ट्याची गंजी वेगळी, ताडपत्री वेगळी, मळणी वेगळी, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये मळणीयंत्र रिकामे चालवून साफ करणे. मजुरांना हे आदल्या दिवशी समजावून सांगा, ऐनवेळी गंज्या एक होतात. पट्ट्याच्या कडेची एकेक ओळ सोडून मधल्या चारच ओळी मोजल्या तर निकाल अधिक खरा येतो. तेव्हा शंभर मीटर लांबीला क्षेत्र १८० चौरस मीटर होते, आणि एकराचा आकडा काढायला २२.५ ने गुणायचे. लांबी कमी असेल तर ४,०४७ चौरस मीटरला मोजलेल्या क्षेत्राने भागा, तो आपला गुणक. वजन काट्यावर करा, कट्ट्यांच्या अंदाजावर नाही. प्रत्येक पट्ट्याचा ओलावा मीटरवर बघून १२ टक्क्यांवर आणा: वजनाला (१०० वजा ओलावा) याने गुणायचे आणि ८८ ने भागायचे. पाचशे किलो माल १५ टक्के ओलाव्याचा असेल तर तो १२ टक्क्यांवर ४८३ किलो भरतो. युरियाचे पीक अनेकदा उशिरा पिकते, त्याचा माल ओला असतो, आणि ही दुरुस्ती केली नाही तर पाण्याचे वजन युरियाच्या नावावर जमा होते.

समजा आकडे असे आले: काहीच न दिलेल्यात एकरी ६ क्विंटल, फक्त युरियात ६ क्विंटल १० किलो, फक्त पाण्यात साडेसात, दोन्हींत ७ क्विंटल ८० किलो. कोरडवाहूत युरियाने ४५० रुपयांचा माल दिला आणि ५०० खाल्ले. पाण्याने १,८०० घेऊन ६,७५० दिले. पाण्याच्या जोडीला युरियाने ५०० घेऊन १,३५० दिले. पण थांबा, वहीत एक आकडा अजून बघायचा आहे. तीन कोऱ्या पट्ट्यांतच आपसात ४० किलोंचा फरक असेल, तर युरियाच्या १० किंवा ३० किलोंवर निर्णय घेता येत नाही. पाण्याचे १५० किलो मात्र त्या फरकाच्या पलीकडचे आहेत, त्यावर पाईप काढायला हरकत नाही. एका वर्षाचा निकाल त्या वर्षाच्या पावसाचा असतो, म्हणून ही परीक्षा एक ओला आणि एक कोरडा अशा दोन हंगामांत तरी घ्या.

पट्ट्यात युरियाच्या जागी दुसरे काहीही तपासता येते. फुलोऱ्यात दोन टक्के युरियाची फवारणी अनेक जण करतात. एकरी २०० लिटर पाण्यात ४ किलो युरिया, म्हणजे नत्र पावणेदोन-दोन किलो. ८० किलोंच्या भुकेपुढे ते थोडे आहे, पण खर्चही थोडा आहे, तेव्हा तपासून बघण्यासारखे आहे. दुकानातून सोयाबीनसाठी मिळणाऱ्या महागड्या टॉनिकच्या बाटल्या तर पट्ट्याशिवाय पूर्ण शेतावर फवारूच नयेत.

मळणीनंतरचीही एक गोष्ट युरियाच्या हिशेबात येते. सोयाबीन जमिनीला नत्र देऊन जाते असे आपण धरून चालतो. दहा क्विंटल दाण्याबरोबर सुमारे ६० किलो नत्र बाजारात जाते, आणि गाठींनी आणलेले त्याहून कमी असू शकते. वर गुळी किंवा कुटार जाळले तर जमीन तोट्यातच राहते. ते शेतात पसरा किंवा जनावरांच्या वाटे शेणखतातून परत आणा. पुढच्या हरभऱ्याला आणि त्याच्या पुढच्या सोयाबीनला त्याचा उपयोग होतो.

या खरिपात एवढे करा: पेरताना सहा पट्ट्यांच्या खुणा ठोका, चिठ्ठ्या टाका, आणि पंप-पाईप ऑगस्टच्या मध्यालाच तपासून ठेवा. काढणीची वजने वहीत लिहा आणि ती वही पुढच्या वर्षी युरिया घ्यायला जाताना सोबत न्या.